आमच्या घरचं गरम पाणी

माझं माहेर नायगावकडचं, बस सोडून पायी जावं लागतं असलं खेडं. सातवीत होते तवा शाळा सुटली, पुढची शाळा लांब अन् वाटेत नाला, बाप म्हणला बस झालं शिकणं. मग लग्नच. स्थळ लातूरचं आलं, म्हणजे घर शिरूर अनंतपाळकडचं पण मालक, म्हणजे माझा नवरा, लातूरला डाळमिलमधी हमाली करायचे. बापानं एकच विचारलं, पोरगा दारू पितो का. तर मालकांचे थोरले भाऊ, माझे भाया, गळ्याला हात लावून म्हणले थेंबाला शिवत न्हाई. अन् ते खरंच होतं बरं का ताई, आजपर्यंत मालकांनी दारू तोंडाला लावली न्हाई. माझी माय साऱ्या गल्लीत सांगत फिरायची, आमच्या सुमनला निर्व्यसनी नवरा भेटला.

गांजा होता. पण काय सांगू तुम्हाला, आमच्यात गांजा नशेत मोजतच न्हाईत. सोमवारी महादेवाच्या देवळामागं माणसं बसायची, चिलीम फिरायची, भोळ्याचा प्रसाद म्हणायचे. मालक लग्नाच्या आधीपासून घ्यायचे. पुढं मिलमधी पोती उचलून पाठ धरायला लागली तसं रोज संध्याकाळी, मग सकाळी पण. घेऊन आले की शांत बसणार, पोटभर जेवणार, कुणाला शिवी न्हाई, कुणावर हात न्हाई. शेजारणी नवऱ्यांचा मार खायच्या अन् मी म्हणायची, आपलं नशीब चांगलं हाय.

मग त्या उलट्या सुरू झाल्या. सकाळी उठले की मळमळ, अन् एकदा का उलटी लागली की दिवसच्या दिवस थांबायची न्हाई, पोटात पाण्याचा घोट राहायचा न्हाई, हिरवं पिवळं पडायचं, माणूस नुसता मुरगळून जायचा. मग आपोआप थांबायचं, महिनाभर बरं, परत तेच. कुणी म्हणलं पित्त, कुणी म्हणलं करणी. लिंबू उतरवलं, कोकम झालं, दवाखाने झाले, फोटो काढले पोटाचे, सगळं चांगलं निघालं. एका डॉक्टरनं विचारलं, दारूबिरू, काही नशा. भाया जवळ उभे होते, मी पदर पुढं ओढला अन् खालीच बघून म्हणले, कायच न्हाई. खोटं बोलले न्हाई मी ताई, मला खरंच तसं वाटायचं.

एकाच गोष्टीनं बरं वाटायचं, गरम पाणी. चटका बसल असलं पाणी अंगावर घेतलं की उलटी थांबायची, पाणी संपलं की परत. म्हणून दिवसभर मोरीतच बसून राहायचे. अन् तुम्हाला लातूरचं पाणी माहीत हाय, नळ येतो कवा अन् जातो कवा. टँकरला उभं राहून मी घागरी आणायची, चुलीवर तापवायची, अन् ते पाणी मोरीतून वाहून जायचं. शेजारची मावशी हसून म्हणायची, काय गं सुमन, तुझ्या घरी बारा महिने बाळंतीणच हाय का? मी पण हसायची. करता काय.

आता सांगते ते सांगू नये वाटतं, पण सांगते. माय आजारी पडली. भावाचा फोन आला, बाई, माय तुझं नाव घेऊन राहिली, आज निघ. अन् इकडं मालक मोरीत, पाणी दे, पाणी दे. मी कपडे पिशवीत भरून ठेवलेले. मला काय सुचलं देव जाणे, मी म्हणले ह्यांना गांजा घेतला की भूक लागती, पोट शांत होतं, तर तेच औषध. मालक चार दिवस घराबाहेर पडले नव्हते म्हणून घरातला संपलेला. मी, बाईमाणूस, पदर घेऊन मिलच्या फाटकावर गेले अन् त्यांच्या दोस्ताकडून पुडी मागून आणली. तो पण चाट पडला, म्हणला वहिनी, तुम्ही? मी म्हणले औषधाला पाहिजे. माझ्या हातानं चिलीम भरून दिली. ओढा म्हणले, अन् मला जाऊ द्या.

दुपारपर्यंत उलट्या दुप्पट झाल्या. डोळे फिरवले. मी पिशवी तशीच ठेवून त्यांना मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

तिथं एक डॉक्टरीण होती, वयानं माझ्याहून लहान. सलाईन लावलं अन् विचारती काय, गरम पाण्यानं आंघोळ केली की बरं वाटतं का ह्यांना? माझ्या अंगावर काटाच आला. हिला कुणी सांगितलं? मी म्हणले हाव, त्याच्यावरच जगून राहिले. मग म्हणली गांजा ओढतात का. मालक छताकडं बघायला लागले. आता नवऱ्याचं परक्यासमोर कसं सांगावं. पण सांगितलं. म्हणले ओढतात बाई, पण नशा न्हाई करत, प्रसाद घेतात. ती हसली न्हाई. शांतपणे म्हणली, ताई, वर्षानुवर्षं ओढून ओढून काहींच्या अंगात तोच उलटतो. आधी भूक लावणारा तोच मग उलट्या लावतो. पूर्ण सोडला तरच थांबल, थोडा थोडा चालणार न्हाई. मी विचारलं, मग आज मी दिला त्यानं वाढलं का. ती म्हणली, तुम्हाला काय माहीत होतं. न्हाई वाढलं, असं म्हणली न्हाई ती.

भाया आले, मालकांजवळ बसले, मग मी निघाले. पोचले तर मायची माती होऊन गेली होती. अंगणात माणसं बसलेली, कुणी काहून उशीर विचारलं न्हाई. भाऊ नुसता म्हणला, पाणी पी.

मालकांनी सोडला. दोस्त चिडवायचे, बायकोचा भक्त झाला म्हणून. एकदा शिवरात्रीला देवळामागं बसून आले अन् मला बोलले न्हाईत. पण दोन-तीन दिवसांनी पाणी तापव म्हणले अन् मी ओळखलं. चूल पेटवलीच न्हाई. तेच मग म्हणले, चल, त्या डॉक्टरीणबाईकडं. त्याच्यानंतर न्हाई. ती बाई कुठं असल तिथं सुखी राहो, तिच्या लेकराबाळांचं भलं होवो, मी रोज दिवा लावते तवा तिचं नाव घेते. नाव माहीत न्हाई, डॉक्टरीणबाई म्हणते.

पण भीती काय जात न्हाई. परवा थंडी पडली, मालक म्हणले सुमन, पाणी तापव गं. माझ्या हातातली काडी तशीच. त्यांनी बघितलं माझ्याकडं, म्हणले अगं थंडी हाय, बाकी काय न्हाई, बघ पाहिजे तर तोंड माझं. मी तापवलं अन् मोरीच्या दाराशी कान लावून उभी राहिले. दोन तांबे घेतले असतील नसतील, बाहेर आले, कपडे घालून कामावर गेले.

बादलीत पाणी उरलेलं होतं, वाफ निघून राहिली होती. इतकी वर्षं पाणी तापवलं ताई, पण माझी आंघोळ गारच. त्या दिवशी ते उरलेलं मी माझ्या अंगावर घेतलं. लहानपणी माय मला घालायची तसं पहिला तांब्या पाठीवर घेतला अन् लई रडले.