काकूंना समोर आणा

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आदरणीय दत्तराव गुरुजी, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती ॲडव्होकेट सुकेशनीताई आणि वालूरच्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना जय भीम, नमस्कार.

आधी कबूल करतो, हे भाषण मी फार टाळलं. परवा पिंगळीच्या स्टेशनावर कागद काढून बसलो, तेवढ्यात पूर्णेकडची गाडी आली. गाडी समोर उभी असली की मला बसवत नाही. पूर्णेला उतरलो, भजी खाल्ली, परत आलो. कागद कोराच. शेवटी आज मंडप बांधता बांधता लिहिलंय.

सुकेशनीताई माझी चुलत बहीण. तिला नोटरीचं प्रमाणपत्र मिळालं, म्हणून हा सत्कार. लय जण विचारतात, "नोटरी व्हायचं कसं रे, सिद्धोधन?" माझं शिक्षण बारावीच्या दारातच थांबलं, पण तिची कागदपत्रं घेऊन मीच हिंडलोय, म्हणून सांगतो. आधी वकिली. बाकीच्यांना दहा वर्षं, बायांना आणि आपल्या प्रवर्गाला सात. मग अर्ज. त्यावर न्यायाधीश, बँकेचे मॅनेजर, एक व्यापारी आणि गावातली दोन प्रतिष्ठित माणसं यांच्या सह्या. मग मुलाखत. आणि मग वाट बघणं. ते कुठल्या नियमात नाही, पण सगळ्यात लांब तेच.

प्रतिष्ठित माणूस शोधणं सोपं वाटतं का तुम्हाला? एक गृहस्थ लाजून म्हणाले, "मी प्रतिष्ठित हाय, हे तुला कोणी सांगितलं?" आतून त्यांच्या मंडळींचा आवाज आला, "करून टाका सही. परत कोणी इचारायचं न्हाई."

असो. व्यापारी म्हणून सही केली आपल्या खत-बियाणेवाल्या दिनकररावांनी. चहा पाजून, हौसेनं केली. ताईला शिक्का मिळाल्यावर पहिला कागदही त्यांचाच आला. सेलूतला प्लॉट त्यांच्या पत्नी पार्वतीकाकूंच्या नावावर आहे, तो पुतण्याला द्यायचा. काकूंचं संमतिपत्र, सही घरूनच झालेली. ताई म्हणाली, सही नोटरीसमोर व्हावी लागते, काकूंना समोर आणा.

दिनकरराव स्वतः आले. "पोरी, माझी बायको मला ठाऊक न्हाई का? तिचे गुडघे दुखायलेत."

"मग मी घरी येते, काका."

"येऊन काय इचारणार?"

"राजीखुशीनं देतात का, एवढंच."

"तुझ्या अर्जावर सही कोणी केली?"

"तुमीच. अन् करताना तुमी समोर होता."

ते उठून गेले. त्या दिवसापासून बाजारातले सगळे कागद सेलूला जायलेत. ताईच्या टेबलाकडं कोणी फिरकत नाही. सात वर्षं घासून मिळवलेलं काम पंधरवड्यात बसायची वेळ आली. आमच्या सगुणाबाई, म्हणजे ताईची आई, रोज म्हणतात, "मार की बाई एक शिक्का." ताई म्हणते, "एक मारला की पुढचे सगळे तसेच येतील, आई."

एका सहीसाठी एवढं ताणावं का? मलाही तसंच वाटायचं. आजचं निमंत्रण द्यायला दिनकररावांकडं गेलो. गल्ल्यावरून मान वर न करता म्हणाले, "मला जमणार न्हाई. माझ्या जागी नोकर धाडला तर चालंल का तुझ्या ताईला?" मी हसलो, पण घरी सांगितलं नाही.

आता आवरतो. गुरुजींनी वेळ दिला, मंडपवाल्यांनी खांब धरू दिले, तुम्ही ऐकून घेतलं, सगळ्यांचे आभार. कोणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द टोचला असेल, तर घरचं पोरगं बडबडलं असं समजून सोडून द्या. एवढं बोलून मी माझे...

एक मिनिट. दारात स्वागताला उभी असलेली आमची निकिता येऊन सांगतीय, बाहेर रिक्षा थांबलीय. दिनकरराव नाहीत त्यात. पार्वतीकाकू आल्यात, एकट्याच, तो कागद घेऊन. म्हणतायत, हार-तुरे चालू द्या, पण माझं काय म्हणणं हाय, ते पोरीनं आधी इचारावं.

वाट द्या जरा. ताई, तू खाली ये.