बर्डीवरची सायकलबंदी

चहा घ्या, पण ऐका. बर्डीवर, भर बाजारात, मोटारींले जागा पाहिजे म्हणून सायकली बंद केल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. तिथल्या दुकानदाराले दुपारच्या आत लुगडी पाहिजे होती, नाही तर माल परत. मी सक्करदऱ्याहून गाठोडं सायकलवर बांधून निघालो. चौकात शिपायानं हँडल धरलं.

"भाऊ, सायकल बंद. माल टेम्पोत टाका."

"काहून गा? त्याच्या धुरानं लुगडी काळी होतात. आधी तो धूर बंद कर."

"ते माझ्या हातात नाही. रस्त्याले चाक टेकलं तर सायकल जप्त करीन."

गाठोडं डोक्यावर घेतलं, सायकल खांद्यावर टाकली अन् भर रस्त्यातून चालत निघालो. मागं मोटारी भोंगे वाजवून राहिल्या होत्या.

शिपाई म्हणे, "भाऊ, बाजूनं तरी चाला."

म्हटलं, "माणसं बंद केल्याचा हुकूम आला की सांगजो."