छावणीचा गठ्ठा

हॅलो?… हो, ताईच बोलतेय. तू बोलू नकोस, आधी ऐक… बाबा आत आहेत, इस्त्रीवर. मशीन चालू आहे, त्यांना ऐकू जायचं नाही… जेवले. म्हणजे ताटावर बसले.

अगं ऐक ना. मध्ये तोडलंस तर मला सांगता यायचं नाही.

आत्ता भाजीवाली मावशी येऊन गेली. हो, कोपऱ्यावर बसते ती. तिनं सगळं पाहिलंय. छावणीचीच जीप होती. वेडीवाकडी येत होती… प्यायलेलाच, दुसरं काय. आईला उडवल्यावर तो शिपाई खाली उतरला. उतरला गं. दोन्ही हातांनी उचललं तिला, रस्त्याच्या कडेला ठेवलं आणि गेला निघून… मावशी म्हणते, तेव्हा आईचा हात हलत होता.

छावणीवाले काय म्हणणार? त्या संध्याकाळी आमची एकही गाडी बाहेर नव्हती म्हणे. शिंपीणबाईंची मुलगी गेली तेव्हाही हेच नव्हतं का? चौकशी चालू आहे, चौकशी चालू आहे, आणि तो परदेशी गडी विमानात बसून त्याच्या देशात… हो, ती बाई अजून त्यांच्या फाटकासमोर जाऊन उभी राहते.

थांब, खरं ते पुढेच आहे. आईला पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी छावणीतून फुलं आली ना? त्याच गाडीतून कपड्यांचा गठ्ठाही आला… धुवायला. त्यांचा वार होता. बाबांनी घेतला… अगं, त्यांना काय म्हणतेस? रिकाम्या हातांनी बसवतं का त्यांना?

आज सकाळी चहा पिताना मला म्हणाले, एका शर्टानं फार छळलं. दोन्ही बाह्या आणि छाती, सगळं रक्तानं भरलेलं. मारामाऱ्या करतात लेकाचे. मग आई करायची तसं गार पाण्यात मीठ टाकून भिजत ठेवला, तेव्हा कुठे निघालं… हो. म्हणाले, ती असती तर तिला दाखवला असता.

हॅलो? आहेस ना?… रड. पण फोन ठेवू नकोस.

नाही, त्यांना काही ठाऊक नाही. मावशी नंतर आली… केला ना, वकिलांना लगेच केला. म्हणाले, शिवणीत, दुमडीत काहीतरी राहतं, तपासता येतं. कॉलरला शिपायाचा नंबरही असतो. पण शर्ट आपल्या हातात हवा. एकदा फाटकाच्या आत गेला की विसरा म्हणाले… छावणीवाले आजच नेणार आहेत. उद्या परेड आहे त्यांची.

कसा लपवू? बाबा स्वतः मोजून देतात. एक जरी कमी भरला तरी दुकान उलथंपालथं करतील शोधायला… काय सांगू मग? की बाबा, तुम्ही जे धुतलंत ते…

हो, कळतं गं मलाही. खचतील… आणि नाही सांगितलं तर? त्याचा शर्ट येत राहील आणि हे इस्त्री करत राहतील. चालेल तुला?… काम गेलं तर गेलं. शेजारी तसंही ऐकवतातच, त्यांचे कपडे धुता ना, भोगा आता… तोंडावर म्हणतात. मागून नाही.

थांब, गाडी आली वाटतं… जरा थांबा हं, साहेब. व्हायचंय अजून थोडं… नाही गं, हा दुसराच आहे कुणीतरी. विचारतोय, आज आई नाहीत का दुकानात.

…साहेब, तुम्ही बाहेर थांबा. बाहेर.

बाबा, गठ्ठा उचलू नका… तयार असू दे. खाली ठेवा. त्यातला तो रक्ताचा शर्ट वेगळा काढा… हो, तोच. आणि आधी इस्त्री बंद करा, बसा इथे माझ्याजवळ.

नाही बाबा, डाग कुठेच राहिला नाही. छान धुतलाय तुम्ही. बसा.

…चिमे, ठेवते मी.