शालनचा आवाज

ए भिवा, बॅटरी ठेव खाली. कुठं निघालास? खाणीच्या वाटेनं? बस. बस म्हणतो न्हवं! बायको नवी हाय, वाट बघत बसली असंल, सगळं कबूल. पण जायचं तर सडकेनं जायचं, अन् सडकेचा कंटाळा येत असंल तर हितंच गुऱ्हाळात चुलवाणापाशी पड. अन् तू काय दात काढतोस रं? जाळ घाल. रस अजून कच्चा हाय, गुळाची काहील उतरायला वेळ हाय, तोवर ऐका. ही गोष्ट काय ऐकीव न्हाई. माझ्या भाचीची हाय. सख्ख्या भाचीची.

तर असाच थंडीचा दिवस. अंधार पडलेला. सूतगिरणीची पाळी सुटली अन् दिनकर घराकडं निघाला. हा दिनकर म्हणजे आमच्या शालनचा नवरा. खांद्याला डब्याची पिशवी, डोक्याला मफलर. बाकीची माणसं सडकेनं गेली, ह्यो एकटाच खाणीच्या वाटेला लागला. का? तर घरी शालन एकटी! लग्नाला वरीस व्हायचं हुतं, त्याला सडकेचा फेरा कसा सोसावा? चालला आपला झपाझपा, तोंडानं शीळ घालत. खाणीच्या काठावर आला अन् मागनं हाक आली.

"दिनकर..."

हळूच. बाईमाणसाची. तो थांबला का? थांबला. भ्याला का? छ्या! तो हसला, बगा. खुळा हसला. का हसला ते कळायला मागचं थोडं सांगायला लागंल.

ही दोघं माणदेशातली. तिकडं पाणी न्हाई, पीक न्हाई, म्हणून पोरगं हिकडं गिरणीत लागलं अन् बायकोला घेऊन आलं. शहराच्या टोकाला चाळीत एक खोली. स्टोव्ह, दोन भांडी, खिळ्याला आरसा. पहिल्यांदा नळाला पाणी आलं तवा शालन तोटी सोडायची, बंद करायची, सोडायची, बंद करायची. हसायची एकटीच. पण पाणी एकदाचं भरून झालं की मग काय करायचं? ओळखीचं कोण न्हाई, मी एक मामा, तो बी हितं गुऱ्हाळावर अडकलेला. नळावरच्या बाया तिच्या बोलण्याला हसायच्या. मग पोरगी दिवसभर गप्प. सगळं बोलणं साठवून ठेवायची, अन् नवरा उंबऱ्यात आला की सुरू! हे झालं, ते झालं, शेजारणीच्या मांजरानं दूध सांडलं. तो जेवायचा अन् ऐकायचा. त्याला तिचा आवाज लई आवडायचा. माझ्यासमोर म्हणाला हुता एकदा, "मामा, गिरणीच्या खडखडाटानं कान किटत्यात, पण हिनं बोलायला सुरवात केली की बरं वाटतं."

सुखाचं हुतं रं सगळं. मी गेलो की मला ओढून जेवायला बसवायची.

आता त्या चाळीत एक कारकून राहायचा. त्याची बायको त्याला नावानं हाक मारायची. अगदी गॅलरीतनं खाली! दिनकरनं ते ऐकलं अन् घेतलं की डोक्यात. "शालन, तू पण मार की मला नावानं हाक." ही लाजून लाल. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, घेतलं की त्याचं आयुष्य कमी हुतं म्हणत्यात. तिच्या आईनं घेतलं न्हाई, आजीनं घेतलं न्हाई. ही आपली 'अवं, ऐकलं का' म्हणायची. तो रोज हट्ट करायचा, ती रोज डोळे वटारायची. तेवढाच त्यांचा खेळ. नव्या नवरा-बायकोला दुसरं काय लागतंय?

रविवारी दोघं फिरायला जायची. कुठं? बाजारात? बागेत? न्हाई! ह्याच खाणीवर. कारण काय, तर उघडा खडक अन् बाभळी बघितल्या की त्यांना गावाकडं आल्यागत वाटायचं. हिकडचं कोण तिथं बसत न्हाई, बसंल कशाला? पण ह्यांना सांगणार कोण? अन् ह्यांनी इचारलं कुणाला? काठावर पाय सोडून बसायची, शेंगा खायची. एका रविवारी दिवस बुडाला तरी उठली न्हाईत. त्यानं परत तोच हट्ट धरला. ती काय नाव घेईना. तेव्हा ह्यानं काय करावं? उभा राहिला, आवाज बारीक केला, बायकोसारखा, अन् खाणीत तोंड करून वरडला. "अवं दिनकर! घरी या की, दिनकर!"

खाणीतनं उलटून आलं. 'दिनकर... या की... दिनकर...' दोघं पोट धरून हसली.

अरं, तिन्हीसांजंला अशा जागी कोण सोताचं नाव वरडतं का? पण ज्यांना ठावं त्यांना ठावं. ह्या खाणीत पूर्वी सुरुंग लावला तवा एकीचा नवरा आत राहिला. बाई काठावरनं हाका मारत मारत आत उतरली. तो बी गेला, ती बी गेली. पण हाका मारायची थांबली न्हाई. तिला नवरा सापडंना, म्हणून ती दुसरीच्या नवऱ्याला बोलावती. अन् हिथं ह्या शहाण्यानं नाव बी दिलं, आवाज बी दिला!

आता कळलं का, तो का हसला ते? त्याला वाटलं, आपली शालनच आली न्यायला, अन् अंधारात एकदाची धीर करून नाव घेतलं! "शालन?" म्हणाला. कोण न्हाई. घरी आला तर ही भाकरी थापतीया.

"आलीवतीस व्हय खाणीकडं?"

"मी? मी कशाला येऊ?"

तो गालात हसला. म्हणाला, लाजती. ती म्हणाली, आज ह्यांचं काय बिनसलंय? अन् दोघं जेवून झोपली.

पुढच्या दिवशी हाक जवळनं आली. बांगड्या वाजल्या. बाभळीत पदर हालला, शालनचाच, हिरवा. "दिनकर, भाकरी गार झाली की! दिनकर, मांजरानं आज परत दूध सांडलं!" घरातलं बोलणं, बगा. तिला कसं कळलं? इचारू नका, मला ठाऊक न्हाई. ह्यो मागं. पदर पुढं, ह्यो मागं. "अगं थांब की!" पदर पुढं. ह्यो मागं. अन् एकाएकी पाय गुडघाभर पाण्यात! गार पाणी, बरफ नुसतं. भानावर आला तर खाणीच्या तळाला उभा. वर आभाळाचा तुकडा. तिथनं तो कसा वर आला त्याचं त्यालाच ठाऊक.

घरी आला तर दातावर दात आपटत हुते. शालनच्या हाताला पीठ. त्यानं बघितलं ते पीठ. म्हंजी ही घरातनं हाललीच न्हवती! मग सगळं सांगितलं. ती पांढरी फटक पडली. पण पोरगी धीराची. त्याचं डोकं पुसलं, चहा पाजला अन् म्हणाली, "हे बगा, आता माझं नीट ऐका. मी तुमास्नी जन्मात नावानं हाक मारायची न्हाई. कवाच न्हाई. तवा नावानं हाक आली की ती मी न्हवं. वळायचं न्हाई. उलट्या दिशेनं पळायचं. शपथ घ्या माझी."

त्यानं शपथ घेतली. तिच्या डोक्यावर हात ठेवून घेतली.

वाटलं, संपलं. खाणीची वाट बंद, सडकेनं जाणं-येणं. चार दिवस बरं गेलं. ती परत बोलायला लागली, तो परत ऐकायला लागला. पण सडक सुद्धा खाणीच्या फाट्यावरनंच जाती न्हवं? अन् जी बाई एवढी वर्षं हाका मारतीया, ती काय एका शपथेला भिती व्हय?

ऐका. एका संध्याकाळी गिरणीत मशीन बंद पडलं. दिनकरला उशीर झाला. शालनचा जीव थाऱ्यावर न्हाई. वाट बघितली, बघितली, अन् कंदील घेऊन फाट्याकडं निघाली. लांबनं तिला तो दिसला. सडकेनंच येत हुता, शहाण्यागत. फाट्यापाशी आला अन् थांबला.

खाणीकडनं हाक आली हुती. "अवं, ऐकलं का..."

नाव न्हाई! 'अवं, ऐकलं का!' शालनचं बोलणं, शालनचा आवाज. "अवं, तुमास्नी न्यायला आले हुते, पाय मुरगळला बगा. या की हिकडं."

आता सांगा मला, तुम्ही गेला नसता? बायको पडलीया अंधारात! तो सडक सोडून धावला. "आलो, आलो! हालू नगंस!"

शालन कंदील घेऊन पळत सुटली. ती मागनं वरडली, "अवं! अवं, मी हिकडं हाय!"

तो थांबला. पुढं शालन, मागं शालन. पुढची म्हणाली, "मागं बघू नका हं. ती आलीया. ती हाय ती." मागची म्हणाली, "अवं, माझं ऐका!" पुढची म्हणाली, "अवं, माझं ऐका!" सारखाच आवाज, सारखंच रडणं. त्याला काय कळंना. मागं बघायची भीती, म्हणून त्यानं पाऊल टाकलं पुढं. एक, अजून एक. काठ हाताच्या अंतरावर.

शालन पळत हुती. पण पोचणार कशी? ठेच लागून पडली, कंदील फुटला, अंधार गुडूप. तिच्यापाशी आता काय उरलं हुतं? जे आईनं केलं न्हाई, आजीनं केलं न्हाई, ते तिनं केलं. आयुष्य कमी व्हईल ते व्हवू दे, पण आत्ता वाचू दे, म्हणाली. अन् बेंबीच्या देठापासनं वरडली.

"दिनकर!"

आरं द्येवा! त्याला तर तेच शिकवलं हुतं. तिनंच! नावानं हाक आली की ती मी न्हवं, उलट्या दिशेनं पळायचं. तो पळाला. जीव घेऊन पळाला, सरळ खाणीत.

बाभळीच्या मुळीत पिशवीचा पट्टा अडकला म्हणून तेवढा लोंबकळला. शालननं पालथं पडून त्याचं मनगट धरलं. "मी हाय, मी! मी शालन!" अन् खालनं, पाण्यातनं, तसंच आलं. "मी हाय, मी! मी शालन!" वर एक, खाली एक. अंधारात त्याला वरचं तोंड दिसंना. तो हिच्या हाताला हिसडा देतोय, चावतोय, "सोड मला, सोड!" म्हणतोय. हिनं सोडलं न्हाई. सडकेनं उसाची गाडी चालली हुती, गाडीवानानं ऐकलं अन् दोरखंड घेऊन आला. पुरुषमाणसाचा आवाज ऐकला तवा कुठं दिनकरनं दोर धरला. निघाला वर. वाचला.

वाचला म्हणायचं.

मी आठवड्यानं गेलो तर पोरगी दारातच भेटली. हाताला चाव्याची खूण. तोंडातनं शब्द न्हाई. मला वाटलं, वाचा गेली का काय? तिनं मला नळापर्यंत लांब नेलं अन् मग बोलली. घरात ती बोलतच न्हाई आता. तिनं तोंड उघडलं की तो भिंतीला चिकटतो, कानात बोटं घालतो. भाकरी पुढं सारती, तो मुकाट खातो, तिच्याकडं न बघता. सगळं हाय. स्टोव्ह हाय, आरसा हाय, नळाला पाणी हाय. तो रोज कामाला जातो, रोज येतो. फक्त एक शब्द न्हाई त्या खोलीत.

म्हणाली, "मामा, माझा आवाज माझाच हाय न्हवं?"

"तुझाच हाय पोरी. मी पाळण्यापासनं ऐकतोय."

"मग त्यांना तेवढं सांगा की. तुमचं ऐकतील. तुमच्याशिवाय हिथं आमचं कोण हाय?"

मी आत गेलो. तो खाटेवर बसला हुता, अंगानं निम्मा झालेला. जवळ बसलो, हातात हात घेतला. म्हणालो, "पावणं, गेलं ते गेलं. ही शालनच हाय. माझ्या बहिणीची लेक. मी सांगतोय, माझ्यावर तर इस्वास हाय न्हवं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग हळूच आपला हात काढून घेतला अन् भिंतीकडं सरकला.

"मामा तर गुऱ्हाळावर असत्यात," म्हणाला. "ह्या येळंला मामा हिकडं येत न्हाईत."

दारात शालन उभी हुती. तिनं ऐकलं. पदराचा बोळा तोंडात कोंबला, आवाज बाहीर पडू नये म्हणून.

अजून त्याच खोलीत हाईत दोघं. गावाकडं न्यायला गेलो हुतो, तो माझ्यासंगं येत न्हाई अन् त्याला सोडून ती येत न्हाई. काय करायचं सांगा. मी तर हात टेकलं.

म्हणून सांगतो रं पोरांनो, त्या वाटेला पाय टाकू नका. ती मारत न्हाई. मारलं असतं तर रडून मोकळं झालो असतो. ती माणसाला माणसापास्नं तोडती. काठावर बसू नका, नाव घेऊ नका, आपल्या माणसाची हाक आली तर तिथं तरी वळू नका. भिवा, तू आज हितंच झोप. सकाळी सडकेनं जा, अन् घरी गेल्या गेल्या बायकोशी बोल. कायबी बोल.

जाळ कमी करा आता. काहील उतरायची येळ झाली.