कस्तुरीची जोड

मंडळी, पुढं सरका. दाराशी माणसं उभी आहेत, त्यांना जागा द्या. आजचा प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर मला नीट येत नाही, हे आधीच कबूल करतो.

मारुतीराया तुम्ही दोन तऱ्हेचा पाहिला असेल. एक वीर मारुती — हात उगारलेला, पायाखाली राक्षस. दुसरा दास मारुती — हात जोडलेले, मान खाली. देव एकच, बळही तेच. आता सांगा, आपलं लेकरू यातल्या कुठल्या मारुतीपुढं उभं करायचं? हात उगारायला शिकवायचं, की जोडायला?

तुम्ही म्हणाल, बुवा, दोन्ही. अहो, पंगतीत बुंदी वाढू की भजी, असं विचारलं तरी तुम्ही दोन्हीच म्हणता. पण लेकरू दहा वर्षांचं असतं, त्याच्यापाशी संध्याकाळ एकच असते, आणि ते कुठं घालायचं हे आजच ठरवायचं असतं. अशा वेळी बापाचं डोकं कसं फिरतं, ते ऐका.

वारणेकाठचं एक बाजाराचं गाव. नाव सांगत नाही, तिथले दोघं इथं बसलेत. त्या गावात भालचंद्र बगाडे नावाचा शिंपी होता. गाव त्याला भालू टेलर म्हणे. बायको शैला, आणि पोटी एकच मुलगी, कस्तुरी. पाचवीत.

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, आणि कस्तुरी रोज फाटून घरी यायला लागली. म्हणजे पोर नव्हे, गणवेश. एक दिवस बाही उसवलेली, एक दिवस गुंडी गेलेली, एक दिवस गालावर ओरखडा. काय झालं विचारलं की म्हणायची, "पडले."

शैला म्हणाली, "कुणीतरी मारतंय तिला. पोर सांगत नाही."

भालूला पटलंच. कारण नुसती कस्तुरीच नव्हे, त्या शाळेच्या निम्म्या पोरांचे गणवेश त्याच महिन्यात त्याच्या मशीनवर आले होते. कुणाची कॉलर, कुणाचा खिसा. भालू म्हणाला, "शाळा आहे का गुंडांचा अड्डा? हिला काहीतरी शिकवलंच पाहिजे. समोरच्याला दोन देता आल्या पाहिजेत."

ठरलं. पण काय शिकवायचं?

आता शिंप्याचं दुकान म्हणजे सल्ल्याची पाणपोई. माप द्यायला आलेला म्हणाला, कराटे. शिवलेलं न्यायला आलेला म्हणाला, कराटे नुसता ओरडा, बॉक्सिंग बघा. भालू शैलाला आणि मुलीला घेऊन निघाला. कराटेचे सर म्हणाले, आधी पांढरा पट्टा, मग पिवळा, काळा मिळायला पाच वर्षं. भालू म्हणाला, "काळा पट्टा मी आज रात्रीत शिवतो की." सरांनी हात जोडले. बॉक्सिंगवाल्यानं नाक फुटल्यावर बांधायच्या पट्टीची गोष्ट काढली, तशी शैला पोरीचं नाक झाकूनच बाहेर पडली. ज्युदोच्या बाई म्हणाल्या, "पहिले दोन महिने आम्ही फक्त पडायला शिकवतो." भालू म्हणाला, "बाई, ते तिला येतं. रोजच पडून येते."

हसता काय? तुम्ही काय वेगळं करता? लेकराचं अंग वाढवायला निघायचं, आणि वाटेत एकदाही लेकराला विचारायचं नाही, की बाई गं, तुझं भांडण कुणाशी?

शेवटी राहिली तालीम. बाबालाल वस्तादांची. सत्तरी गाठलेला माणूस, कान दोन्ही चुरगळलेले, आवाज मात्र सायीसारखा. संध्याकाळी पाच ते सहा मुलींची वेळ. आठ-नऊ पोरी होत्या, सगळ्या कस्तुरीच्याच शाळेतल्या. कस्तुरीनं चपला काढल्या, लाल मातीत पाय ठेवला आणि बोटं मातीत रुतवून बघितली. तोंडावर असं काही हसू आलं, की शैलानं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. जिथं जायचं होतं तिथं पोर पोचली होती.

वस्तादांची रीत कुठल्याही तालमीत असते तीच. नवं पोर आलं की त्याची जोड लावायची. खांद्याला खांदा लावून उभं करायचं, उंची बघायची, वजन अजमावायचं. वस्ताद म्हणाले, "हिची जोड कोण होणार? या पुढं."

कुणी आलं नाही.

वस्तादांनी पुन्हा विचारलं. पोरी मागं सरकल्या. सरकत सरकत भिंतीला टेकल्या. एक तर खांबाआड गेली.

भालू हसून म्हणाला, "लाजत्यात वस्ताद, पोरी हैत."

"लाजत न्हाईत, टेलर. भ्यालेत."

"कुणाला?"

"तुमच्या पोरीला."

मंडळी, त्या क्षणी त्या माणसाच्या डोक्यात काय झालं असेल! भिंतीला टेकलेली समीक्षा — गुरवाची मुलगी — तिचा खिसा त्यानं सोमवारी शिवला होता. खांबाआडच्या पोरीची कॉलर बुधवारी. गावभर फाडणारा कोण, हे शोधत तो फिरत होता, आणि त्या फाडणाऱ्याचा हात धरूनच फिरत होता.

"खरं का गं?" भालूनं विचारलं.

कस्तुरीनं मातीकडं बघत सांगितलं, "पहिलीत मला पोरींनी ढकललं, तेव्हा तुम्हीच म्हणालात ना पप्पा, रडत घरी यायचं नाही. मग कुणी ढकलायच्या आधी मीच ढकलते. दिवाळीपासून काही जणी उलट ओढतात."

बोललं ते वाक्य बापाचंच. भालू कसाबसा म्हणाला, "म्हणजे आता हिला घेणार न्हाई तुम्ही?"

"घेणार की. पर कुस्ती एकट्याची नसती, टेलर. समोर उभं ऱ्हायला कुणीतरी लागतंय, आन ते राजीखुशीनं उभं ऱ्हायाला लागतंय." मग पोरीला म्हणाले, "जा. तुझी जोड तूच आण. बापानं मधी तोंड घालायचं न्हाई."

झालं. भालू रोज संध्याकाळी गुरवांच्या गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून उभा. आत पोर एकटी. पहिल्या दिवशी समीक्षानं दार लावलं. दुसऱ्या दिवशी कस्तुरीनं पेरू नेला. तो समीक्षाच्या आजोबांनी खाल्ला आणि गोड आहे म्हणाले. तिसऱ्या दिवशी कस्तुरी म्हणाली, "माझं चुकलं." आतून उत्तर आलं, "आईनं शिकवलेलं बोलू नकोस."

चौथ्या दिवशी दार अर्धं उघडलं.

"तिथं बुक्की मारता येते?" समीक्षानं विचारलं.

"नाही."

"केस ओढता येतात?"

"नाही. वस्ताद बाहेर काढतात."

"तुला पण?"

"मला पण."

समीक्षानं बराच विचार केला. "मग तुला येतं काय?"

"काहीच येत नाही," कस्तुरी म्हणाली.

"बरं. मग येते."

जोड लागली. दोघींनी मातीला हात लावून कपाळाला लावला, हातात हात दिला. कस्तुरी अंगानं दांडगी. दोन मिनिटांत तिनं समीक्षाला खाली घेतलं. आता पाठ मातीला लागणार आणि कुस्ती संपणार, एवढ्यात समीक्षानं डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. शाळेत कस्तुरी अंगावर आली की घ्यायची, तसंच.

कस्तुरीनं तिला सोडलं आणि उभी राहिली.

"का सोडलीस?" वस्ताद म्हणाले.

"ती खेळत नव्हती वस्ताद. मार खात होती."

समीक्षा उठली, फ्रॉकवरची माती झटकली, आणि भलतीच चिडली. "मी खेळत होते. परत लावा." परत लागली. या खेपेला डोळे उघडे. तिनं कस्तुरीचा पाय असा धरला, की सोडता सुटेना. दोघी खाली, माती वर, कोण वर कोण खाली कळेना. आणि भिंतीशी उभा असलेला भालू जिवाच्या आकांतानं ओरडला, "ऊठ पोरी, ऊठ!"

शैलानं विचारलं, "कुणाला म्हणताय?"

भालूनं तिच्याकडं बघितलं, मग मातीकडं. म्हणाला, "मलाच कळंना."

मंडळी, मी तुम्हाला सांगायला बसलो होतो, लेकराला काय शिकवावं ते. कराटे की कुस्ती, उगारलेला हात की जोडलेला, याचा निवाडा मला अजून होत नाही. गोष्ट सांगून मीच जास्त गोंधळलो. एवढंच कळलं, की 'तुला कुणी मारतं का' हे आपण लेकराला रोज विचारतो. आज घरी गेलात की दुसरं विचारा — 'बाळा, तुला कोण घाबरतं?' त्याला रागावू नका. उत्तर येईपर्यंत शेजारी बसा. फार करून आधी ते गप्प बसेल, आणि मग त्याला तसं करायला कुणी शिकवलं, हे तुम्हाला आठवायला लागेल.

माझ्या घरीही एक लेकरू आहे. मी अजून विचारलेलं नाही. चार दिवस झाले, धीर होत नाही.

मृदंग घ्या रे. पांडुरंगाचं नाव सगळ्यांनी मिळून घेऊ, म्हणजे मला घरी जायला बळ येईल.