गुडघ्याच्या गोळ्या

नाही, पण गुडघे बरे झाले ना हो माझे! ते कुणी बोलतच नाही! तुम्हाला सांगतो, जन्म गेला लोकांच्या दाढ्या करण्यात, दिवसभर उभा, संध्याकाळी गुडघे नुसते ठणकायचे, तर एका पेन्शनर गिऱ्हाइकानं खुर्चीत बसल्या बसल्या डबीच काढली... "घे रे, झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?"

घेतल्या. गुडघे बरे! मग पोटात पीळ, तोंडाला चव अशी, की किल्ली चोखतोय! आणि एक दिवस गिऱ्हाईक मान ताणून बसलेलं, फेस लावलेला, मी वस्तरा उचलला... हात वर, पंजा खाली! लोंबतोय! गिऱ्हाइकानं एक डोळा उघडला, "काय झालं हो?" म्हटलं, "काही नाही, हलू नका फक्त!" पळालं ना ते, अर्ध्या दाढीनिशी!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध काय घेता?" म्हटलं, "औषध नाही हो, झाडपाल्याच्या गोळ्या, अपाय काय..." त्यांनी रक्तच काढायला लावलं. रिपोर्ट आला. रक्तात शिसं, त्या गोळ्यांतलं!

"म्हणजे गाडीच्या बॅटरीत असतं ते?"

"तेच."

अहो, पोटात बॅटरी घेऊन फिरतोय आणि स्वतःचा पंजा उचलत नाही! "हात परत येईल ना, बाई?" तर म्हणतात, "येईल बहुतेक." बहुतेक? मी गिऱ्हाइकाला म्हटलं, कान राहील बहुतेक, तर बसेल का तो? घाबरलोय हो मी, खरंच घाबरलोय. सदऱ्याचं बटण लागत नाही मला.

वर बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणी घेतल्या?" बायको तडक म्हणाली, "छे, कुणी नाही!" आणि मी... चपलांकडे बघत बसलो. कारण सासूबाईंचे गुडघे! अख्खी डबी दिली होती हो, प्रेमानं! "घ्या आई, झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?"

शेवटी तिथंच सांगून टाकलं. बायको भांडली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं! आईला नेऊन तिचं रक्त तपासायला दिलं, आणि दुकान बंद ठेवून कसं चालेल म्हणून वस्तरा स्वतःच हातात घेतला. शिकतेय. कुणावर? माझ्यावर! दुसरं कोण बसणार?

आज सकाळी गळ्यापर्यंत आली होती, इतक्यात फोन वाजला. लॅबचा. "हो... आईचाच... किती म्हणालात?... बरं." फोन ठेवला. वस्तरा पुसला. माझ्याकडे बघितलं.

"मान वर करा."

केली हो वर! करतो काय?