दादा आला की मशीन बंद

...नाही, मला सांगा, विकत आणलेलं मशीन बंद पडलं तर माणूस फोन उचलतो, कंपनीच्या नावानं शंख करतो, मनसोक्त शिव्या घालतो आणि मोकळा होतो! पण स्वतःच्या हातानं बनवलेलं बंद पडलं तर? घरचं मशीन हो, तक्रार करायची कुणाकडे? आरशासमोर उभं राहून स्वतःलाच झापायचं?

तुम्हाला सांगतो, प्लाझ्मा कटिंगचं टेबल आहे ते. म्हणजे वर पत्रा ठेवायचा, कॉम्प्युटरात चित्र घालायचं, बटण दाबायचं, की टॉर्च, म्हणजे कापणारी नळी, आपली आपण फिरते आणि लोखंड कापत जाते. तयार घ्यायचं तर अख्खं वर्कशॉप विकावं लागेल, म्हणून मीच बनवलं... रूळ जुन्या शटरचे, मोटरी मोडीत निघालेल्या छपाई मशीनच्या, खाली ठिणग्या विझवायला पाण्याचा ट्रे, आणि कॉम्प्युटर मेव्हण्यानं टाकून दिलेला. हौस म्हणून? छे हो! वहिनींमुळे.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गॅस कटर हातात धरायला मला त्यानंच शिकवलं. खडूची रेघ न मारता गोल कापायचा, असा हात! आणि एक दिवस वहिनींनी मला कंप्रेसरच्या मागे गाठलं. "भाऊजी, ह्यांचा हात थरथरतो. चहा पिताना बशी वाजते. विचारलं तर म्हणतात, बशीच खराब आहे. लोकांच्या नजरेत यायच्या आत काहीतरी करा." आता मी काय करणार? दादाला सांगायचं, की दादा, तू कापू नकोस? त्यानं पत्रा बाजूला ठेवून आधी मलाच कापलं असतं!

म्हणून गुपचूप टेबल बनवायला घेतलं, ते उभं राहतंय तेवढ्यात बागेच्या फाटकाचं काम आलं. फाटकभर वेल, वेलीला पानं, सगळी एका मापाची, आणि कंत्राटदार असा चिकित्सक की बिजागरीलासुद्धा चष्मा लावून बघतो. दादा म्हणाला, "शुक्रवारी मी कापायला बसतो." झालं! म्हणजे शुक्रवारच्या आत टेबल चाललं पाहिजे, नाहीतर ज्या माणसानं आयुष्यभर हाताच्या जोरावर मान मिळवला त्याची चारचौघांत शोभा.

आणि टेबल काय करावं? टॉर्च पेटते, पान अर्ध्यावर येतं, की कॉम्प्युटर हँग! परत चालू करा, परत हँग! मेव्हण्याला फोन केला तर म्हणतो, "बंद करून चालू कर." अरे, ते आपलं आपणच बंद पडतंय, मी वेगळं काय करू? इलेक्ट्रिशियन आला. "अर्थिंग बघा." म्हटलं, बघितलं. "वायरी बघा." बघितल्या. "मग नशीब बघा," म्हणाला आणि गेला. घरचं मशीन, तक्रार करायची कुणाकडे?

आणि शेजारीच दादा वेल्डिंगनं ग्रिल जोडत बसलेला, काच डोळ्यांवरून वर करून म्हणायचा, "अरे, दमच नाही तुझ्या मशीनमध्ये! मी सकाळपासून टाके मारतोय, मी पडलो का बंद?"

गुरुवारी दादा एका जिन्याचं माप घ्यायला बाहेर गेला, आणि काय सांगू तुम्हाला, मशीन सुरू केलं तर थांबायलाच तयार नाही! पान, पान, पान... मी एकटाच नाचलो! दादा परत आला, त्याला म्हटलं बघ, त्यानं ऐटीत काच डोळ्यांवर घेतली, एक टाका मारला, आणि हँग! मला वाटलं, हे दादाला घाबरतं. का नाही घाबरणार? मी नाही घाबरत?

मग मी जमिनीवरच बसलो. खरं सांगतो, रडायलाच बसलो होतो. आणि खाली बसल्यावर काय दिसावं... माझ्या टेबलाच्या पायाला दादाच्या वेल्डिंगचा अर्थिंगचा चिमटा! ग्रिल टेबलाला टेकवलेलं आणि चिमटा टेबलाला लावलेला! म्हणजे दादाच्या प्रत्येक टाक्याचा करंट माझ्या टेबलातून, माझ्या कॉम्प्युटरला चपराक मारून परत जात होता! इतके दिवस!

"दादा, हा चिमटा कुणाचा?"

"माझा. मग? लोखंड ते लोखंड! तूच म्हणायचास ना, टेबल मजबूत आहे म्हणून?"

चिमटा कुठंही लावायची ही सवय मला तरी कुणी लावली? ग्रिल उचललं, चिमटा उचलला, पार पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन लावला आणि म्हटलं, दादा, मार टाके! त्यानं मारला. मशीन चालू! आणखी मार! मशीन चालू! अहो, मी ओरडत होतो, ठिणग्या उडत होत्या, आणि पाण्यात पानं पडत होती चुर्र, चुर्र, चुर्र... जिंकलो!

दादानं हातमोजे काढले. ट्रेमधून एक पान उचललं, कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग हळूच म्हणाला, "बटण कुठलं?"

दाखवलं. त्याचं बोट थरथरलं आणि बटण दोनदा दाबलं गेलं... सुरू, बंद. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पटकन म्हटलं, "हट्टी आहे रे मशीन, परत दाब." घरचंच तर होतं, तक्रार कोण करणार? त्यानं परत दाबलं. दादाचा हात थरथरत होता आणि लोखंडातली रेघ थरथरत नव्हती. मी रडलो. सरळ रडलो. वेल्डरचे डोळे कायम लालच, कुणाला कळतंय!

फाटक लागलं. कंत्राटदारानं चष्मा लावून पान न् पान बघितलं आणि म्हणाला, "वा! हात कुणाचा?"

दादा म्हणतो, "माझा!"

आणि आता? आता दादा मला टेबलाच्या आसपास फिरकू देत नाही. "लांब हो, तुझा हात लागला की हँग होतं!" स्वतः खुर्ची टाकून बसतो, एका बोटानं कारभार, आणि कापलेली पानं माझ्याकडे सरकवतो, कडा घासायला. वहिनी खूश, कंत्राटदार खूश, दादा तर राजा... आणि मी ग्राइंडर घेऊन उभा. एवढं मशीन बनवून मिळवलं काय, तर अख्ख्या वर्कशॉपात हातानं काम करणारा आता मी एकटाच उरलोय!